अण्णाच्या तोंडून

वैशाख लागला की धारवाडच्या आमच्या गल्लीत आंब्याच्या पेट्या उतरतात. शेजारचे वकीलसाहेब लुंगी सावरत, हापूस बरा की पायरी यावर आंबेवाल्याशी हुज्जत घालत उभे असतात, आणि मला मात्र हळदीचा वास यायला लागतो. स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या हळदीचा नव्हे. उन्हात तापलेल्या, घामात भिजलेल्या भंडाऱ्याचा. खिडक्या लावून घेतल्या तरी येतो. डॉक्टरांना सांगावं तर ते नाक-कान-घशाच्या माणसाकडे पाठवतील, म्हणून सांगत नाही. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलेली बाई मी. असले वास येणं मला शोभत नाही.

यंदा वासाच्या पाठोपाठ अण्णाचा फोनही आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. अळणावरच्या पलीकडे आमच्या गावी शेती करतो. "कुसा, द्यामव्वाची जत्रा ठरली बघ. येतीस न्हवं?" आमची जत्रा दरवर्षी नसते. पाऊसपाणी बरं झालं आणि पंचांचं एकमेकांशी जमलं तरच भरते, म्हणजे मधे वर्षंच्या वर्षं जातात. मांडव कुठं, रंग कोण देणार, पाहुणे किती, सगळं सांगून झाल्यावर अण्णा मधेच थांबला आणि म्हणाला, "शांतक्का इचारत होती, कुसूम येणार काय म्हणून."

द्यामव्वा आमची गावदेवी. लाकडाची, लाल रंगाची, मोठ्या डोळ्यांची. लहानपणी मला त्या डोळ्यांची इतकी भीती वाटायची की मी आईच्या पदराआडून तिच्या पायांकडेच बघायची. जत्रेत तिला बाहेर काढतात आणि गावातले गडी तिला खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून पळतात, थबकतात, गरगर फिरवतात, परत पळतात. याला होन्नाट म्हणतात. हलगी कडाडत असते, भंडारा उधळला जात असतो, आणि थोड्या वेळात सगळं गाव एका रंगाचं होऊन जातं. कुणाचा नवरा कुठला हेही कळत नाही. वहिनी म्हणायची, "मी बनियनच्या भोकावरनं वळखते. तेवढं भोक दुसऱ्या कुणाच्या बनियनला न्हाई."

आणि गावचा एक नियम आहे. देवी जागेवरून उठेपर्यंत कुणाच्या घरात चूल पेटत नाही. चहासुद्धा नाही. गॅस आला तरी नियम तोच. वहिनी आदल्या दिवशीच शेगडीवर ताट पालथं घालून ठेवते. आणि ज्याला खांदा द्यायचा आहे, त्यानं तर देवी उठायच्या आधी तोंडात काहीही घालायचं नाही. शिळं नाही, फळ नाही, काही नाही. देवीला उपाशी गडी लागतो असं म्हणतात.

अण्णाला साखर. आमच्याकडे मधुमेह कुणी म्हणत नाही, 'शुगर आलीया' म्हणतात, लांबची पाहुणी यावी तसं. पाहुणी आली ती गेलीच नाही. गोळ्या झाल्या, मग अण्णा सुईवर आला. पण माणूस शिस्तीचा. वेळ चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं ते त्यानं असं मनावर घेतलं की वहिनी चेष्टेनं म्हणायची, "ह्यांच्या सुईवर लोकांनी घड्याळं लावावीत." मागच्या जत्रेच्या सकाळीही अण्णानं आंघोळ करून, वेळेवर, मांडीत सुई घेतली. वहिनी म्हणाली, "अहो, आज चूल न्हाई, थांबा की जरा." तो म्हणाला, "आत्ता उठंल देवी. पुजारी बोललाय." डॉक्टरांची आज्ञा पाळली, देवीचीही पाळली. दोन्ही आज्ञा एकाच पोटात कशा नांदणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

देवी आत्ता उठली नाही. पहिला खांदा वरल्या गल्लीचा की खालल्या गल्लीचा, यावरून नेहमीप्रमाणे भांडण लागलं. नेहमीप्रमाणे ते मिटलंही, पण तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. अण्णा देवळाच्या भिंतीला टेकून शांत बसून होता. मग एकदम हलगी सुरू झाली आणि तो उठून देवीच्या दांड्याखाली शिरला.

मारुतीच्या देवळापाशी वळताना तो दांड्याखालून निसटला आणि रस्त्यात मांडी घालून बसला. मी गर्दीच्या पार मागच्या टोकाला, एका कट्ट्यावर चढून बघत होते. त्याचे हात थरथरत होते, मान डुलत होती, घामानं तोंडावरचा भंडारा ओघळून त्यात रेघा पडल्या होत्या. डोळे उघडे होते, पण कुणाकडेच बघत नव्हते. कुणीतरी ओरडलं, "अव्वा बंदाळ!" अव्वा आली. हलगीचा ठेका बदलला आणि बायका वाकायला लागल्या.

आता तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं? थरथरणारा, घामानं निथळणारा, ओळख विसरलेला माणूस आमच्या गावात पिढ्यान्पिढ्या एकाच कारणानं दिसत आलाय. त्याला दुसरंही कारण असतं हे त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी खाली उडी टाकून माणसं ढकलत पुढं सरकत होते. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांना देवीला काहीतरी विचारायचं होतं.

माझ्या आधी शांतक्का पोचली. शांतक्का अण्णाची शेजारीण, त्याच्याहून मोठी. नवरा केव्हाच गेलेला. मुलगी सुनंदा धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात कामाला. आणि मुलगा परशा, गोव्याला बोटीवर जातो म्हणून गेला तो परत आला नव्हता. फोन नाही, निरोप नाही, गावच्या कुणाला कुठं दिसलाही नाही. शांतक्कानं अण्णाच्या गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, "अव्वा, नन्न मग बर्तानेन?" माझा मुलगा येईल का? आम्ही घरात सगळे मराठी बोलणारे, पण देवीशी कानडीच. तिला मराठी कळत नाही असं कुणी ठरवलंय कोण जाणे.

अण्णानं मान तिच्याकडे वळवली आणि म्हणाला, "बर्तान. दार्याग अदान." येतो. वाटेत आहे.

तो आवाज मी सांगू शकत नाही. मोठा नव्हता, भेसूर नव्हता. हळू होता, फार थकलेला, आणि मायेचा. अण्णा असा कधी बोलत नाही. अण्णा बैलाला हाका मारल्यासारखा बोलतो, फोनवरसुद्धा. मी पोचले, कुणाच्या तरी हातातला गूळपाण्याचा तांब्या हिसकावला आणि त्याच्या ओठाला लावला. अर्धं अंगावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. काही वेळानं त्याच्या डोळ्यांत तो स्वतः परत आला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कुसा, तू कवा आलीस?" लोक म्हणाले, अव्वा पाणी पिऊन शांत झाली.

पुढं शाळेत रक्तातल्या साखरेचा धडा शिकवायची वेळ आली की मी अडखळायची. पोरांना मी तो आमच्या हुबळी-धारवाडच्या नळांवरून शिकवत असे, कारण नळाला पाणी येण्याचा दिवस आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. यकृत म्हणजे टेकडीवरची मोठी टाकी, सगळ्या गावाला साखर सोडणारी. स्नायू म्हणजे ज्याच्या त्याच्या गच्चीवरची टाकी: स्वतःपुरती भरून घेईल, पण आपला साठा रक्तात परत सोडून शेजाऱ्याला थेंब देणार नाही. इन्शुलिन दोन कामं करतं. घराघरांतल्या तोट्या उघडतं आणि टेकडीवरच्या टाकीला सांगतं, तू आता सोडू नकोस. जेवण झाल्यावर हे ठीकच आहे. पण माणूस पळायला लागला, ओझं उचलायला लागला, की राबणारा स्नायू इन्शुलिनची वाट बघत नाही. तो आपल्या तोट्या आपणच उघडतो आणि साखर ओढायला लागतो. अशा वेळी निरोगी शरीर शहाणं असतं. ते इन्शुलिन कमी करतं, म्हणजे टेकडीवरची टाकी मोकळी होते आणि वापर नि पुरवठा यांचा मेळ बसतो.

सुईनं आत गेलेलं इन्शुलिन मात्र परत बोलावता येत नाही. ते कुणाचं ऐकत नाही. त्यातून सुई मांडीत, पळणाऱ्या मांडीत, आणि वर वैशाखाचं ऊन. ते नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरतं. पोटात काही नाही, यकृताला बंदीचा हुकूम, आणि स्नायू दोन्ही हातांनी ओढतायत. शेवटी कोरडा पडतो मेंदू, कारण त्याच्याकडे गच्चीवरची टाकी म्हणण्यासारखी नसतेच. त्याला दर घटकेला ताजी साखर लागते. ती थांबली की हात थरथरतात, घाम फुटतो, ओळख जाते. पोरं हे वहीत लिहून घ्यायची. मग एखादी हुशार मुलगी विचारायची, "टीचर, तेव्हा माणूस काय बोलतो?" काहीही बोलतो, म्हणून मी पान उलटायची.

जत्रेत आपण काय बोललो, त्यातलं अण्णाला काही आठवत नाही. वहिनीनं सांगितलं तेव्हा आधी तो हसला, "माझ्या तोंडून देवी? तिला दुसरं कुणी मिळालं न्हाई व्हय?" पण त्याच दिवशी दिवेलागणीला शांतक्का नारळ घेऊन आली आणि तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. लहानपणी जिनं त्याचा शेंबूड पुसून शाळेत पाठवलं ती बाई. अण्णाचं हसू गेलं ते गेलंच. पुन्हा देवीला खांदा द्यायचा नाही, असं त्यानं तेव्हाच ठरवलं.

आणि शांतक्कानं दार लावणं सोडलं. लग्नाला जायची नाही, माहेरी जायची नाही. सुनंदानं बेलूरला दोन खोल्या घेतल्या, आईला न्यायला, दाराला लावायचं कुलूप घेऊन, कितीतरी वेळा आली. शांतक्काचे गुडघे गेलेले, एकदा न्हाणीत पडून दिवसभर तशीच पडलेली. पण उत्तर एकच: "घर बंद कसं करू? तो येऊन बंद दार बघंल तर कुठं जाईल?" देवीनं वाटेत आहे म्हणून सांगितलेलं. वाटेत म्हणजे किती वाटेत, हे काही देवीनं सांगितलं नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे अण्णाही वाट बघायला लागला. आमच्या शेताच्या बांधावरून फाट्यावर थांबणारी बस दिसते. बस थांबली की हातातलं काम टाकून अण्णा उतरणारी माणसं बघतो. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, तूच बोललास आणि तूच वाट बघतोस?" तो म्हणाला, "मी कुठं बोललो? मला तर ठाऊकच न्हाई." थोड्या वेळानं म्हणाला, "कुसा, साखर उतरल्यावर माणूस बोलंल, मान्य. खरं मी 'मला म्हाईत न्हाई' असं का म्हटलं न्हाई? तिला बरं वाटंल तेच का म्हटलं?" मी त्याला मेंदूचं सांगितलं, विचारशक्ती आधी जाते, विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो, वगैरे. तो ऐकत होता. माझं मलाच पटत नव्हतं. धारवाडच्या घरात कुकरची शिट्टी होऊन गेली की जी शांतता होते, तीत मला ती दोन वाक्यं अजून ऐकू येतात, आणि त्या आवाजात अण्णा नसतो. मी त्या आवाजाला भिते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा जत्रेला गेले तेव्हा सुनंदा आमच्याच घरी बसली होती. डोळे सुजलेले. "टीचर, तुम्ही आणि अण्णा मिळून आईला एकदा खरं सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय ती हलत नाही, आणि एक दिवस मला ती न्हाणीत मेलेली सापडेल." अण्णा खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "सांगू या. पायावर डोकं ठेवून घेऊन घेऊन पाय जळायला लागलेत माझे."

देवी उठायच्या आदल्या दुपारी आम्ही शांतक्काला घराच्या पुढच्या सोप्यावर बसवलं आणि मी सगळं सांगितलं. टाकी, तोट्या, सुई, उपाशी पोट, पळणं. इतका चांगला धडा मी शाळेतही कधी शिकवला नसेल. शांतक्का डोळे न हलवता ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजे सुई घेतली, पोटात काय न्हवतं, आणि देवी घिऊन पळला, म्हणून तसं झालं?" मी म्हटलं, "हो." "तेवढ्यानं?" "हो, तेवढ्यानंच." अण्णा पुढं झाला आणि तिचे हात धरून म्हणाला, "अक्का, मला माफ कर. परशा वाटेत हाय का न्हाई, मला काय बी ठाऊक न्हवतं." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि हळूहळू चालत आपल्या घरी गेली. सुनंदा रडली. वहिनी म्हणाली, एक ओझं उतरलं. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा न्हाऊन आली होती. हिरवं लुगडं, कपाळावर भंडारा. अण्णा सोप्यावर बसून सुई घेत होता. खांदा द्यायचा नव्हता म्हणून वहिनीनं त्याच्यासाठी कालची भाकरी आणि दही काढून ठेवलं होतं. शांतक्का त्याच्यासमोर बसली आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत बघत राहिली.

"झाली सुई?"

"झाली."

"मग आता खाऊ नको, अण्णा. एकदाच खांदा दे."

अण्णा कसाबसा म्हणाला, "अक्का, काल सांगितलं की. ती देवी न्हवती."

"नसंल," शांतक्का म्हणाली. "देवी नसंल तर नसंल. कोण का असंना, बोललं तर खरं. तुला म्हाईत न्हाई म्हणतोस, कुसूमला म्हाईत न्हाई. ज्याला म्हाईत हाय त्याला इचारते." तिचा आवाज अगदी रोजचा होता, ताक मागायला आल्यासारखा. "मागं मी चुकीचं इचारलं. येणार का, म्हणून इचारलं. जिता हाय का, ते इचारायला पायजे होतं. तेवढंच इचारते. मग कुसूम तुला गूळपाणी देईल."

बाहेर हलगी सुरू झाली होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, त्यानं खाऊ नये. विज्ञानाची बाई मी, आणि मला तो आवाज परत ऐकायचा होता. अण्णानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. सुनंदा दारात उभी होती, तीही बोलली नाही. वहिनीनं मात्र पुढं होऊन ताट त्याच्या मांडीशी सरकवलं.

अण्णानं भाकरी मोडली. शिळी होती, मोडताना आवाज झाला. पहिला घास दह्यात बुडवून तोंडात घातला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चावत होता. शांतक्का त्याच्या तोंडाकडे बघत होती. दुसरा घास, मग पुढचा. ताट रिकामं होईपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे तशीच बघत राहिली, अजूनही त्यातून काही येईल म्हणून.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"सुनंदा," ती म्हणाली, "कुलूप आणलंयस न्हवं?"